सांगलीचा हळदबाजार, हरिपूरची पेवं आणि गोल्डन एलच्या दोन बाटल्या

स्वारगेटहून निघालेली एसटी पेठ नाक्याला हायवे सोडते आणि तिथून सांगलीपर्यंत खिडकीत ऊसच ऊस. जानेवारी संपत आलेला, म्हणजे कारखान्याकडे निघालेल्या ट्रॉल्यांमागे रांगत जायचं, ड्रायव्हरच्या शिव्या ऐकायच्या आणि आष्टा कधी येतं याची वाट बघायची. एरवी मी सांगलीला जातो ते मित्रासाठी आणि भडंगासाठी. या वेळी निमित्त वेगळं होतं. मित्राचा भाचा इंग्लंडात शिकतो. डिसेंबरच्या सुट्टीत त्यानं गोल्डन एल या बिअरच्या दोन बाटल्या आणल्या होत्या. "तुला त्यातलं कळतं म्हणतोस ना? मग ये आणि सांग," असा मित्राचा निरोप आला. परदेशातून येताना दोन लिटरपर्यंत आणायची मुभा असते. या पठ्ठ्यानं अर्ध्या लिटरच्या दोनच आणल्या आणि उरलेली बॅग चॉकलेटांनी भरली. असो.

बाटल्या संध्याकाळी उघडायच्या होत्या. सकाळ मोकळी होती, म्हणून मित्राच्या काकांबरोबर मार्केट यार्डात गेलो. काकांना अख्खी गल्ली आण्णा म्हणते, मीही तेच म्हणतो. हळदीची अडत, दुकान वडिलांपासूनचं. यार्डात शिरलं की आधी नाक जागं होतं. पोत्यांच्या थप्प्या, हवेत पिवळी धूळ, हमालांच्या बंड्यांचा मूळ रंग कोणता ते सांगता येऊ नये. सौदा सुरू झाला की खरेदीदार पोत्यातून मूठभर हळकुंडं उचलतात, एखादं मोडतात, आतला गाभा बघतात, वास घेतात, पुढं सरकतात. मोडताना खटकन आवाज आला पाहिजे. नुसतं वाकलं तर माल ओला. राजापुरी (इकडची हळद) कुठली आणि परपेठ (बाहेरच्या पेठांतून आलेली) कुठली हे आण्णा लांबूनच सांगत होते.

"रंगावर दर जातो बघ," ते म्हणाले. "वास नंतर. चव कोण बघतंय हितं?"

दुपारी हरिपूर. सांगलीपासून अगदी जवळ, कृष्णा आणि वारणेचा संगम, काठावर संगमेश्वराचं देऊळ. बहुतेक लोक संगम बघून परततात. मला पेवं बघायची होती. पेव म्हणजे जमिनीत खोदलेलं कोठार: तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं, आत पोट मोठं. तळाला आणि कडेनं पाला-गवत लावायचं, हळद भरायची, तोंड मातीनं बंद करायचं. इथली माती अशी की आत ओल धरत नाही, आणि हळद वर्षानुवर्षं न किडता राहते. आत उजेड नाही, हवा नाही. असलेला प्राणवायू संपतो, कीड गुदमरते. पेव उघडलं की कुणी लगेच उतरत नाही; आधी तोंड बराच वेळ उघडं ठेवतात आणि कंदील खाली सोडून बघतात. ज्योत विझली तर थांबायचं. २००५ च्या महापुरात पुष्कळ पेवांत पाणी शिरलं, हळद कुजली, आणि व्यापाऱ्यांनी गोदामांचा रस्ता धरला. मी बघितलेलं पेव रिकामंच होतं. आण्णा मात्र काठावर उभे राहून बराच वेळ आत बघत होते. "उन्हात ठेवली तर हळद फिकी पडती," एवढंच म्हणाले.

हे वाक्य संध्याकाळी कामाला आलं.

आता बाटल्यांकडे. गोल्डन एल हा ब्रिटनमधला तसा नवा प्रकार. तिथल्या पबमधली पारंपरिक बिअर, म्हणजे बिटर, तांबूस-तपकिरी असते. बिटर ही एलच. लागर ही दुसऱ्या जातीची गारेगार, पिवळीधमक बिअर तिची गिऱ्हाइकं पळवू लागली, तेव्हा १९८० च्या दशकात काही छोट्या ब्रुअरींनी शक्कल लढवली: रंग लागरसारखा फिका, पण यीस्ट एलचं आणि हॉप्स (बिअरला कडूपणा आणि वास देणारी फुलं) सढळ हातानं. सॉमरसेटमधली एक्समूर गोल्ड १९८६ ची; सॉल्सबरीची समर लायटनिंग तिच्या मागोमाग आली. एलचं यीस्ट साधारण १५ ते २० अंशांत आंबवतं, लागरचं त्याहून बऱ्याच कमी तापमानात. म्हणून एलला फळांचा वास येतो आणि म्हणूनच ती बर्फासारखी थंड करून प्यायची नसते. १० ते १३ अंश पुरे. मित्रानं बाटल्या फ्रीजरमध्ये टाकायच्या आत मी त्या गच्चीवर पाण्याच्या बादलीत ठेवल्या. जानेवारीतल्या सांगलीच्या रात्रीनं उरलेलं काम केलं.

सोबत हुरडा होता, जतहून आलेला, चुलीवर भाजलेला. आण्णांनी आपला दारू पिण्याचा परवाना दाखवला. तो त्यांनी लॅमिनेट करून घेतलाय. भाचा एकवीस पूर्ण, त्यामुळे तोही कायद्यानं बसला.

पहिली बाटली पारदर्शक काचेची. दिसायला देखणी. आतलं सोनं लांबून दिसावं म्हणूनच ती काच निवडलेली. आल्यापासून ती दिवाणखान्यातल्या शोकेसमध्ये, खिडकीसमोर, येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायला. झाकण उघडलं आणि मला हुरड्याची चूल विझवावीशी वाटली, एवढा जळक्या रबराचा वास. चुलीचा त्यात काही दोष नव्हता. हॉप्समधला कडूपणा देणारा घटक उजेडात तुटतो आणि त्यातून गंधकाचं एक संयुग तयार होतं. लिटरमागे काही नॅनोग्रॅम असलं तरी माणसाचं नाक ते पकडतं. तपकिरी काच हा उजेड बऱ्यापैकी अडवते, हिरवी थोडासाच, पारदर्शक जवळपास नाहीच. मालाला दोष देऊ की शोकेसला? माझ्या मते ज्यानं ही काच निवडली त्याला. उजेडात खराब होणारी वस्तू उजेडात विकायची, वर लेबलावर जपून ठेवा असं लिहायचं!

"म्हणजे पेवात ठेवायला पायजे होती," आण्णा म्हणाले. अगदी तसंच.

दुसरी तपकिरी बाटली, ४.७ टक्क्यांची, तळाशी यीस्टचा गाळ असलेली. हा गाळ म्हणजे खोट नव्हे. बाटलीत थोडं जिवंत यीस्ट ठेवलेलं असतं. ते उरलीसुरली साखर खातं, आतला प्राणवायू संपवतं आणि फेसाला लागणारा वायू तयार करतं. हरिपूरच्या जमिनीखाली जे घडतं, त्यातलं बरंचसं इथं काचेत. मी हात न हलवता सावकाश ओतली, गाळ खालीच ठेवला.

स्पर्धांमध्ये परीक्षक ५० गुणांचा तक्ता वापरतात: वासाला १२, रूपाला ३, चवीला २०, तोंडातल्या जाणिवेला ५ आणि एकूण परिणामाला १०. रूपाला तीनच हे ऐकून आण्णा उखडले. "रंगाला तीन? मग आमचा बाजार बसला!"

रूपाला मी पूर्ण ३ दिले. फिका सोनेरी रंग, स्वच्छ, वर बोटभर पांढरा फेस, शेवटपर्यंत ग्लासला चिकटत राहिलेला. वासात मोसंबीची साल, वाळलेलं गवत, मागून भाजलेल्या बिस्किटाचा हलका धागा: ९. चवीत आधी माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या धान्याचा) गोडवा, पण तो रेंगाळत नाही. लगेच कडवटपणा वर येतो आणि घोट गेल्यावरही जिभेच्या मुळाशी राहतो. कोरडा, स्वच्छ शेवट. मधल्या भागात थोडी पाणचट वाटली, म्हणून १५. तोंडातल्या जाणिवेला ३, वायू जरा जास्तच होता. एकूण परिणामाला ७. बेरीज ३७, म्हणजे 'फार चांगली' या गटाचं वरचं टोक. पारदर्शक बाटलीला मी १६ वर थांबलो, तेही तिच्या रंगावर डोळा ठेवून.

खाण्याचं सांगतो, कारण तिथं मजा आली. भडंगाबरोबर ही बिअर नकोच. हॉप्सचा कडूपणा मिरची भडकवतो आणि सांगलीच्या भडंगाला भडकवायची गरज नसते. हुरड्याबरोबर मात्र जमून गेली. भाजलेल्या कोवळ्या ज्वारीचा गोडसर, धुरकट वास माल्टला भेटतो आणि तो मधला पाणचटपणा जाणवेनासा होतो. मी गुण वाढवावेत असं मित्राचं म्हणणं होतं. वाढवले नाहीत. हुरड्याचे गुण बिअरला कसे द्यायचे?

आण्णांनी तळाचा गाळ त्यांच्या ग्लासात ओतून घेतला, नको म्हणत असताना. गढूळ झालेला ग्लास दिव्यापुढं धरला, हुंगला, प्यायले आणि म्हणाले, "ही लई बरी. तुझी चाळलेली होती." चव खरंच जाड झाली होती, कडूपणाला जरा बूड आलं होतं. मीही उरलेल्यात तसंच करून बघितलं असतं, पण बाटलीत काही उरलं नव्हतं. भाच्याला तिथल्या तिथं सांगून टाकलं: पुढच्या खेपेला चॉकलेटं कमी आण, आणि बाटल्या तपकिरीच आण.