घांद्रुक: परमिटचे पैसे कुठे जातात

अन्नपूर्णा बेस कॅम्पला निघालेले मराठी ग्रुप आता मोसमात नेपाळमधल्या पोखरा शहरात हमखास भेटतात. अन्नपूर्णा संरक्षण क्षेत्रात शिरायचं परमिट काढताना सार्क देशांतल्या नागरिकांना 1000 नेपाळी रुपये पडतात, म्हणजे आपले सव्वासहाशे. बाकीच्या परदेशी लोकांना 3000. पावती खिशात गेली की तो विषय संपतो. मला मात्र ते पैसे पुढे कुठे जातात ते बघायचं होतं, म्हणून वर जाण्याआधी घांद्रुकला मुक्काम ठेवला.

घांद्रुक साधारण 2000 मीटरवरचं गुरुंग लोकांचं गाव. दगडी पायऱ्या, पाटीच्या दगडाची छपरं, समोर अन्नपूर्णा साउथ आणि माछापुच्छ्रे ही शिखरं. अन्नपूर्णा संरक्षण क्षेत्राचं काम 1986 मध्ये सुरू झालं ते याच गावातून. ट्रेकर्सच्या आंघोळीसाठी आणि जेवणासाठी गुरांसाच्या (ऱ्होडोडेंड्रॉनच्या) जंगलातलं लाकूड तोडलं जात होतं. उपाय म्हणून लोकांना उठवून राष्ट्रीय उद्यान केलं नाही. गावं तिथेच राहिली आणि प्रवेशशुल्काचा पैसा पायवाटा, रोपवाटिका, शाळा, पाणी अशा लहान लहान कामांसाठी वापरायचं ठरलं. अट एकच, आणि मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते: फुकट काही नाही. गावानं रोख किंवा अंगमेहनतीच्या रूपात आपला वाटा उचलायचा.

1990च्या दशकाच्या सुरुवातीला इथे सुमारे 50 किलोवॉटचा जलविद्युत प्रकल्प उभा राहिला, तोही थोडं अनुदान, थोडं कर्ज आणि गावाचा वाटा असा मिळून.

आमच्या लॉजच्या खालच्या अंगाला पायऱ्यांलगत एक सार्वजनिक नळ होता. मागे दगडी भिंत, पाठीवरचा डोको, म्हणजे वेताची टोपली, टेकवायला बरोबर कंबरेच्या उंचीचा कट्टा, आणि सांडपाणी वाहून जायला काढलेली अरुंद चारी. ती चारी थेट खालच्या रायोच्या (मोहरीच्या जातीच्या पालेभाजीच्या) वाफ्यात उतरत होती. तोटी नवी दिसत होती. लॉजवाल्या दीदींना विचारलं, "हा नळ कोणी दिला?" त्या म्हणाल्या, "पाइप बाहेरून आला. चर आम्ही खणला." मग त्यांनी सगळं समजावलं. झरा वर जंगलात आहे. प्रत्येक घर महिन्याला ठरलेली रक्कम देतं, त्यातून एका माणसाला पगार मिळतो. पावसाळ्यात पालापाचोळ्यानं जाळी तुंबते, दरड आली की पाइप तुटतो. तेव्हा तो वर जाऊन दुरुस्ती करतो. तोटीही त्याच पैशातून बदलली होती.

आपल्या सह्याद्रीतल्या वाड्यांवर मी टाक्या पाहिल्यात, ज्यांत पाणी नाही, कारण मोटारीचं बिल कोण भरणार ते उद्घाटनाच्या दिवशी कोणी विचारलंच नव्हतं. घांद्रुकचं पाणी उतारानं येतं, विजेचा खर्च नाही, हा फायदा आहेच. तरी जाळी साफ करायला माणूस लागतोच, आणि त्याचा पगार कुठल्याही अनुदानाच्या अर्जात बसत नाही.

संध्याकाळी आमा समूहाच्या, म्हणजे गावातल्या आयांच्या गटाच्या, बायका अंगणात आल्या. माळा घातल्या, गाणी म्हटली, नाचल्या, आम्हालाही नाचवलं. फौजेतून सुट्टीवर आलेल्या जवानांसमोर असंच गाऊन वर्गणी जमवायची इथली जुनी रीत. आता पाहुण्यांकडूनही जमते. ताटात पैसे टाकल्यावर एक आमा जमिनीवर बसून वहीत रक्कम आणि नाव लिहीत होत्या. अशा पैशातून पायऱ्या दुरुस्त होतात, बालवाडीला मदत होते. त्या वहीचा हिशेब सगळ्या बायकांसमोर वाचला जातो, असं त्यांनी सांगितलं. इतका उघडा हिशेब मी भल्याभल्या संस्थांत पाहिलेला नाही.

नेपाळमध्ये बाहेरून येणारे लहान निधीही बरेच आहेत. 1992 मध्ये सुरू झालेल्या जागतिक पर्यावरण निधीच्या लघु अनुदान योजनेतून स्थानिक संस्थांना थेट पैसे मिळतात. आपल्या दूतावासाची लहान विकास प्रकल्पांची योजना 2003 पासून चालू आहे. शाळांच्या इमारती, आरोग्यकेंद्रं अशी कामं नेपाळच्याच स्थानिक संस्थांकडून त्यातून करून घेतली जातात. प्रत्येक कामाची मर्यादा 5 कोटी नेपाळी रुपये होती, जानेवारी 2024 मध्ये ती 20 कोटींवर गेली. मर्यादा वाढली याचा आनंद आहे, पण काळजीही वाटते. रक्कम मोठी झाली की ठेकेदार येतो, आणि चर खणणारे हात बाजूला उभे राहून बघतात. मग तो पाइप तुटला तर तो कोणाचा?

जाणाऱ्यांसाठी एक विनंती. आता जीप घांद्रुकच्या पुढेपर्यंत जाते, त्यामुळे बरेच ग्रुप थेट वाटेवरच्या पुढच्या झिनू गावाकडे निघून जातात आणि गाव चुकतं. एक रात्र तरी इथे राहा. सुटे नेपाळी पैसे जवळ ठेवा, आमा समूह आला तर वहीत नाव लिहून घ्या, आणि सकाळी त्या पैशातून कुठली पायवाट झाली ते विचारा. त्या हौसेनं सांगतात.