हप्ता त्याचा, फोन मला

मागच्या दिवाळीनंतर धंद्यासाठी वेगळं सिम घेतलं. सोलापुरात अशोक चौकाच्या मागं आपलं छोटं युनिट आहे, सहा मशिनी, शाळेचे युनिफॉर्म शिवतो. गिऱ्हाईकांचे फोन घरच्या नंबरवर यायला लागले की बायको वैतागायची म्हणून हा खटाटोप. नंबर पण झकास मिळाला, शेवटचे तीन आकडे सेम. सिमवाला म्हणाला नशीबवान आहात. होय की, लय नशीबवान.

तिसऱ्या दिवशी सकाळीच पहिला फोन. नेमका पाण्याचा दिवस, आणि सोलापुरात पाणी चार-पाच दिवसांनी येतं त्यामुळं त्या तासाभरात कोण फोन घेत बसत नाही, पण नवीन नंबर, म्हटलं ऑर्डर असेल, एका हातात पाईप धरून उचलला. दोन सेकंद शांतता, मग एकदम एक बाई कुणाचं तरी नाव घेऊन विचारते, हप्ता कधी भरताय? मी म्हटलं मॅडम राँग नंबर. ती म्हणे, असंच म्हणतात सगळे.

इथंच सगळी गोम आहे बघा. ज्यानं कर्ज घेतलंय तो पण पहिलं वाक्य हेच बोलतो, मी तो नाही. त्यामुळं खरं बोललं तरी ते खोट्यासारखंच ऐकू येतं. आणि मी काय शहाणपणा केला, चांगुलपणानं माझं खरं नाव सांगून टाकलं. दुसऱ्या दिवसापासून ते वसुलीवाले मला माझ्याच नावानं हाक मारायला लागले. "साहेब तुम्ही त्यांचे कोण? भाऊ का? मग निरोप द्या की." म्हणजे आधी नुसता नंबर होता, आता मी त्या माणसाचा नातेवाईक झालो! तेव्हा एक ऐका, नाव, जन्मतारीख, पॅन, 'फक्त व्हेरिफाय करायला' म्हणून सुद्धा काही सांगू नका. ते जी लिंक पाठवतात ती पण उघडू नका.

अनोळखी नंबर सायलेंटवर टाक असं मित्र म्हणायचे. कसा टाकू? आमचा निम्मा धंदाच अनोळखी नंबरवरून येतो. शिवाय दुकानदारांकडं उधारी अडकलेली, कोण कुठल्या नंबरवरून "पैसे टाकले" म्हणून कळवेल सांगता येत नाही. ब्लॉक करून बघितलं, पन्नासेक नंबर तरी केले असतील, रोज नवीन. बँकांचे असले सर्व्हिस कॉल १६०० नं सुरू होणाऱ्या नंबरवरून यायला पाहिजेत असं रिझर्व्ह बँकेनं जानेवारी २०२५ मध्येच सांगितलंय, हे सगळे साधे दहा आकडी मोबाईल.

जास्त राग कशाचा आला सांगू? महिन्याभरात त्या माणसाबद्दल मला सगळं माहिती झालं. कर्ज किती, किती हप्ते थकले, बायकोचं नाव काय, आधी कुठं कामाला होता. त्यांनीच सांगितलं, मी विचारलं पण नव्हतं. ज्याला मी जन्मात बघितलं नाही त्याची अब्रू रोज माझ्या कानात ओततायत. त्याचं नाव इथं लिहीत नाही, त्याचं आधीच लय झालंय.

एकदा रात्री नऊला फोन आला. खरं तर सकाळी आठच्या आत आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीचे फोन करायचे नाहीत हे रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२२ ला स्पष्ट केलंय, ते मी त्याला ऐकवलं तर म्हणे तुम्हीच केला ना कॉल. काय बोलणार.

आमच्याकडं काज-बटणाला एक अक्का आहेत, घरी तेलुगू बोलणाऱ्या. जानेवारीत, सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत एकदा मी वैतागून फोन त्यांच्याकडं दिला, म्हटलं अक्का, तेलुगूत झाडा ह्याला. अक्का सुरू झाल्या तर तो पण निघाला तेलुगूवाला! दहा मिनिटं गप्पा. मशिनी बंद, सगळे ऐकतायत. फोन ठेवून मला म्हणतात, पोरगं चांगलंय, टार्गेट झालं नाही म्हणून पगार कापलाय त्याचा. घ्या. मी शिव्या घालायला दिला होता हो फोन.

पण त्या पोरानं एक काम केलं, कर्ज कुठल्या कंपनीचं ते अक्कांना सांगितलं. तोपर्यंत मी विचारलं की लाईन कट व्हायची. मग कंपनीच्या वेबसाईटवर तक्रार निवारण अधिकाऱ्याचा ईमेल शोधला, तळाशी बारीक अक्षरात असतो. साधं मराठी-इंग्रजी मिसळून लिहिलं: हा नंबर अमुक तारखेपासून माझा आहे, सिमची पावती जोडली, कॉल लॉगचे स्क्रीनशॉट जोडले, तुमच्या रेकॉर्डमधून आणि वसुली करणाऱ्या एजन्सीकडून माझा नंबर काढा, तीस दिवसांत झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं, म्हणजे बँका-कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडं जाणार. आधी कॉम्प्युटरचं आपोआप येणारं उत्तर आलं, मग काहीच नाही, मग मी तोच मेल परत पाठवला. बाविसाव्या दिवशी दोन ओळी आल्या, नंबर काढला, दिलगीर आहोत. तीन महिने तोंडानं जे झालं नाही ते मेलनं झालं.

मधल्या काळात शंका नको म्हणून माझा क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे आपल्या नावावरच्या कर्जांचा हिशोब, पण काढला, वर्षातून एकदा फुकट मिळतो. माझ्या नावावर भलतं काही नव्हतं. नंबर आधी त्या माणसाचा होता एवढंच. बंद झालेला नंबर नव्वद दिवसांनी दुसऱ्याला देता येतो, आणि अशा बंद नंबरांची सरकारी यादी पण असते, बँकांनी ती बघून आपलं रेकॉर्ड साफ करायचं असतं. करतात किती ते माझ्या कॉल लॉगला विचारा.

आता ते फोन यायचे बंद झालेत. मागच्या आठवड्यात निवांत बसून उधारीची वही काढली. गुलबर्ग्याच्या एका दुकानदाराकडं गेल्या सीझनचे अडतीस हजार आहेत, त्याला फोन लावला. कानडीत कोण तरी बाई बोलल्या, माझ्या मोडक्यातोडक्या कानडीत त्याचं नाव विचारलं तर म्हणाल्या तो इथं नाही, हा नंबर दोन महिन्यांपासून माझा आहे.

आणि खरं सांगतो, "असंच म्हणतात सगळे" अगदी ओठावर आलं होतं.