वाऱ्याचं व्याज

एखाद्या रिकाम्या दुपारी विमानांच्या वेळापत्रकात डोकं घालावं. लंडनहून न्यूयॉर्कला जायला जवळपास आठ तास, परतताना सातच. समुद्र तोच, विमानही तेच.

अंतर काढणं सोपं. पृथ्वीगोलावर दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरायचा. तो जिथून जाईल तो सगळ्यांत जवळचा रस्ता. दिल्ली आणि सॅन फ्रान्सिस्को धरून बघा, दोरा पार उत्तरेकडे, आर्क्टिक महासागरावरून जातो. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवणाऱ्याला हे कधीच दिसायचं नाही. गणितच करायचं तर पृथ्वी पूर्ण गोल समजून ६,३७१ किलोमीटर त्रिज्या घ्या. ध्रुवांपाशी ती किंचित चपटी आहे, पण त्यामुळे होणारी चूक अर्ध्या टक्क्याच्या आसपास. तेवढी चालते.

घोळ वेळेचा. लंडन-न्यूयॉर्क सुमारे ५,५५० किलोमीटर. भागिले ताशी ९००, म्हणजे सहा तास दहा मिनिटं. चढण्या-उतरण्याचा अर्धा तास वर टाकला की झालं, असं वाटतं. पण यात वारा कुठे आहे? नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर जेट प्रवाह, म्हणजे वेगवान वाऱ्याचा पट्टा, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहत असतो, हिवाळ्यात तर फारच जोरात. आपण बेताचा, ताशी १५० धरू. पूर्वेकडे जाताना वेग होतो १,०५०, वेळ पाच तास सतरा मिनिटं. पश्चिमेकडे ७५०, सात तास चोवीस मिनिटं. जाता-येता फिटंफाट व्हायला हवी ना? होत नाही. बेरीज बारा तास एकेचाळीस मिनिटं, आणि वारा नसता तर बारा तास वीस. उलट्या वाऱ्यात विमान जास्त वेळ राहतं, म्हणून वारा दिलेलं परत घेतो आणि वर एकवीस मिनिटं व्याज लावतो.

हे व्याज वाचवायला पश्चिमेकडे निघालेली विमानं प्रवाह टाळून वळसा घेतात, पूर्वेकडची मुद्दाम त्यात शिरतात. २०१६ साली एअर इंडियाने दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिक सोडून पूर्वेकडे, वाऱ्याच्या दिशेने, पॅसिफिकवरून नेलं. रस्ता १,४०० किलोमीटरनी लांबला, तरी १५,३०० किलोमीटर साडेचौदा तासांत झाले, नेहमीपेक्षा लवकर.

काही वळसे वाऱ्याचे नसतात. २०२२ मध्ये रशियाचं आकाश युरोपीय विमानांना बंद झालं आणि हेलसिंकी-टोकियो साडेनऊ तासांवरून तेराच्या घरात गेलं.

छापील वेळेतही एक मेख असते. चाकांचे अडसर काढल्यापासून ते मुक्कामी पुन्हा लागेपर्यंतची ती वेळ. जमिनीवरचं रांगणं आणि उशिराची थोडी तजवीज तिच्यातच धरलेली. म्हणून वीस मिनिटं आधी उतरल्याची घोषणा अभिमानाने होते, मग उभं राहायची जागा रिकामी नसते आणि विमान कडेला ताटकळतं. पोहोचतं अगदी वेळेवर.