मृग ते पुनर्वसू : व्यावसायिक लेखनाच्या दोन वर्षांबद्दल

देवगड, मृग

पाऊस लागला की प्रवेशाच्या चौकश्या सुरू होतात. बी. ए. झाल्यावर ‘व्यावसायिक लेखन आणि संवाद’ घेतलं तर दोन वर्षं शिकायचं तरी काय, असं मुलं विचारतात आणि त्यांचे आईवडील जास्त काळजीने विचारतात. कागद वाचून झाल्यावर वाचणाऱ्याने जे करायचं असतं, ते त्याच्या हातून बरोबर व्हावं असं लिहायला शिकायचं. बाकीचे सगळे विषय याच्याच पोटात येतात : वाचक कोण ते ठरवणं, मजकुराची मांडणी, संपादन, अनुवाद, तांत्रिक लेखन, चाचणी. सुंदर लिहिता येणाऱ्यांना इथे पहिले काही महिने जड जातात, कारण शैलीचं कौतुक करणारं कुणी नसतं. पुढे त्यांचाच हात सर्वांत लवकर बसतो, हेही खरं.

रचना थोडक्यात. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे महाराष्ट्रात 2023-24 पासून पदव्युत्तर अभ्यास चार सत्रांचा आहे. पहिल्या सत्रात संशोधनपद्धती, दुसऱ्यात ऑन जॉब ट्रेनिंग किंवा क्षेत्रकार्य, तिसऱ्या-चौथ्यात संशोधन प्रकल्प. एका वर्षानंतर थांबलं तर पदविका मिळते. ट्रेनिंगसाठी मुंबई-पुण्याच्या कचेऱ्यांकडे धाव घेतली जाते, आणि तिथे बऱ्याचदा प्रूफं तपासण्यापलीकडे काही हाती लागत नाही. बंदर, बाग, ग्रामपंचायत, पतपेढी, प्राथमिक आरोग्य केंद्र : लिहिण्याची कामं इथे पडलेली आहेत आणि वाचणारा समोर उभा आहे.

मृग, दोन दिवसांनी

बावट्याचं उदाहरण पहिल्याच आठवड्यात घ्यावं. बंदरात वादळाच्या इशाऱ्याचा तीन नंबरचा बावटा लागला की होड्या आत घ्यायच्या, हे किनाऱ्यावर लहान पोरालाही ठाऊक असतं. 1 आणि 2 दूरचे इशारे, वादळ अजून बाहेर समुद्रात आहे; 3 आणि 4 बंदराला लागू होणारे. इथपर्यंत सगळं सरळ. आता 5, 6 आणि 7 घ्या. हे तिन्ही धोक्याचेच. वादळ बंदराच्या या बाजूने जाणार, त्या बाजूने जाणार, की बंदरावरूनच किंवा अगदी जवळून जाणार, एवढाच त्यांच्यात फरक. 8, 9, 10 मोठ्या धोक्याचे आणि त्यांचीही विभागणी तशीच. 11 लागला तर त्याचा अर्थ इशारा देणाऱ्या कार्यालयाशी संपर्क तुटला आहे.

आकडे चढत गेले की धोका चढत गेला, असं कुणालाही वाटणारच. ‘कालचा सात आज पाच झाला, म्हणजे जरा निवळलं’ असा अर्थ होडी चालवणाऱ्या तांडेलाने काढला तर त्यात त्याची चूक काय? आकड्यांची ही पद्धत बंदराच्या अधिकाऱ्यासाठी आखलेली आहे, आणि होडीवाल्यासाठीच्या फलकावर तोच आकडा जसाच्या तसा उतरवला जातो. विद्यार्थ्याने आकडा ठेवावा, कारण माणसं त्याच आकड्यावर बोलतात, पण त्याच्या आधी काम लिहावं.

नेहमीचा मजकूर असा असतो : ‘हवामान विभागाकडून प्राप्त पूर्वसूचनेनुसार समुद्र खवळलेला राहण्याची शक्यता असल्याने सर्व मच्छीमार बांधवांना सूचित करण्यात येते की त्यांनी खबरदारी घ्यावी.’ यात कृती सर्वांत शेवटी आहे, आणि ‘खबरदारी’ म्हणजे नक्की काय ते कुठेच नाही. उलट करून बघा : ‘आज दुपारी 2 च्या आत होड्या बंदरात आणा. बुधवार सकाळपर्यंत बाहेर जाऊ नका. बंदरात 3 नंबरचा बावटा आहे. वारा ताशी 45 ते 55 किमी, मध्येच झोत 65 पर्यंत.’ आधी काम, मग मुदत, मग कारण. वेळ आणि दिवस पूर्ण लिहायचे. ‘पुढील 48 तास’ असं लिहिलं तर कागद चिकटवला कधी हे वाचणाऱ्याला कळायला मार्ग नसतो.

2023 मध्ये साध्या भाषेसाठी आयएसओ 24495-1 हे आंतरराष्ट्रीय मानक आलं. त्याची चार तत्त्वं : मजकूर वाचणाऱ्याच्या गरजेचा असावा, हवं ते त्याला सापडावं, सापडलेलं समजावं, समजलेलं वापरता यावं. वर्गात तिसऱ्यावर फार वेळ जातो आणि चौथं राहून जातं. ते राहता कामा नये, असं अगदी मनापासून वाटतं.

आर्द्रा

प्रकल्पासाठी एकच कागद निवडावा आणि तो तडीस न्यावा. हापूसच्या कलमांना मोहोर लवकर आणणारं पॅक्लोब्युट्राझोल घालण्याची माहितीपत्रिका यासाठी फार चांगली. लोक त्याला सर्रास कल्टार म्हणतात. शिफारस अशी : 15 जुलै ते 15 ऑगस्ट या काळात, झाडाच्या विस्ताराच्या व्यासाला मीटरमागे 3 मिली, 3 ते 6 लिटर पाण्यात मिसळून, खोड ते फांदीचं टोक यांच्या निम्म्या अंतरावर गोलाकार 25 ते 30 खड्डे, 10 ते 12 सेंमी खोल, त्यांत सारखं ओतायचं आणि माती लोटायची. एका दमात सांगून होतं आणि तरी त्यात चुकायला किमान चार जागा आहेत.

सर्वांत घातक जागा व्यासाची. पूर्व-पश्चिम 7 मीटर, उत्तर-दक्षिण 9 मीटर असेल तर सरासरी 8, मात्रा 24 मिली. टेप खोडाला लावून फांदीच्या टोकापर्यंत मोजला तर 4 मीटर येतात आणि मात्रा निम्मी, 12 मिली. मोहोर लवकर यायचा तो येत नाही. झाडाभोवती टेप फिरवला तर 25 मीटर भरतात आणि मात्रा 75 मिली, तिपटीहून जास्त. पालवी खुरटते, मोहोर आखूड आणि गच्च येतो, आणि हे द्रव्य मातीत टिकून राहत असल्यामुळे चूक पुढच्या हंगामातही भोवते. म्हणून ‘व्यास मोजावा’ एवढं लिहून भागत नाही. वरून पाहिलेल्या झाडाचं चित्र हवं, टेप या टोकापासून त्या टोकापर्यंत खोडाजवळून जाताना दाखवलेला, आणि खाली तयार तक्ता : 6 मीटर 18 मिली, 7 मीटर 21, 8 मीटर 24, 10 मीटर 30. बागेत कुणाला गुणाकार करायला लावू नये.

पुढची आकडेमोडही लेखकानेच करायची. 8 मीटर विस्ताराला खड्ड्यांचं कडं खोडापासून 2 मीटरवर येतं. 25 खड्डे म्हणजे साधारण अर्ध्या मीटरवर एक. 5 लिटर द्रावण 25 खड्ड्यांत म्हणजे खड्ड्याला 200 मिली. ‘समप्रमाणात ओतावे’ याने जे साधत नाही ते ‘प्रत्येक खड्ड्यात 200 मिलीचं एक माप’ याने साधतं.

आर्द्रा, पावसाची उघडीप

चाचणीबद्दल. वाचून दाखवल्यावर ‘समजलं का?’ असं कधी विचारू नये. आपल्याकडे माणूस भिडस्त. ‘होय, कळला’ म्हणून मोकळा होतो. कागद, टेप, मापाचा पेला आणि औषधाऐवजी साधं पाणी हातात द्यायचं, झाड दाखवायचं आणि गप्प उभं राहायचं. कुठे थांबला, कोणती ओळ परत वाचली, काय विचारलं, कुठे न विचारता चुकला, हे चार रकान्यांत टिपायचं. पाच-सहा जणांत मोठे अडथळे दिसतात. मग दुरुस्ती, मग नव्या पाच-सहा जणांकडे. त्याच माणसांकडे परत गेलात तर त्यांना कागद पाठ झालेला असतो.

वाचनीयतेच्या, म्हणजे मजकूर किती सोपा ते आकड्यात सांगणाऱ्या, सूत्रांचा मोह टाळावा. फ्लेशचं 1948 चं सूत्र इंग्रजी शब्दांतले उच्चारखंड (सिलॅबल) आणि वाक्याची लांबी मोजतं. मराठीत विभक्ती आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटतात. ‘बागायतदारांसाठीसुद्धा’ हा सूत्राला अवघड वाटेल, वाचणाऱ्याला वाटत नाही. टेलरची 1953 ची गाळलेल्या जागांची चाचणी जास्त उपयोगी : दर पाचवा शब्द गाळायचा आणि वाचकाकडून भरून घ्यायचा. मूळ पद्धतीत तोच शब्द आला तरच गुण मिळतो. मराठीत शब्द बरोबर आणि प्रत्यय वेगळा असं वारंवार होतं, त्यामुळे गुण कसे द्यायचे हे आधीच ठरवून प्रबंधात लिहून ठेवावं. मार्गदर्शक इथेच अडवतात, आणि ते योग्यच आहे.

पुनर्वसूच्या तोंडावर

छपाई. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर मोबाइलवर उघडला की गिचमिड दिसते. युनिकोडमध्ये बदलून घेतला तरी रफार आणि ऱ्य यांवर नजर ठेवा. ‘किनाऱ्यावर’, ‘वाऱ्याचा’ हेच शब्द बिघडतात आणि आपल्या कागदांत तेच जास्त असतात. देवनागरीला वर-खाली मात्रा-उकार असतात, म्हणून ओळींमधलं अंतर अक्षराच्या दीडपट ठेवावं. भिंतीवरच्या कागदाची शाई फार महत्त्वाची : साध्या इंकजेटची शाई पहिल्या सरीत ओघळते, लेझरची टिकते. व्हॉट्सअॅपवर नुसतं चित्र पाठवलं तर त्यातला मजकूर शोधता येत नाही, आणि अंध वाचकाच्या मोबाइलला तो वाचूनही दाखवता येत नाही. चित्रासोबत तोच मजकूर टाइप करून पाठवावा.

वेळेचं गणित दुसऱ्या सत्राच्या सुरुवातीलाच मांडावं. पत्रिका बागेत 15 जुलैच्या आधी हवी. छपाईला आठवडा, दुसऱ्या चाचणीला आठवडा, कृषी अधिकाऱ्याकडून आकडे तपासून घ्यायला दोन आठवडे धरा, कारण मात्रेचे आकडे त्यांच्या सहीशिवाय बाहेर जाऊ द्यायचे नाहीत. म्हणजे पहिली चाचणी मे संपायच्या आत, जमीन कोरडी आणि बागेत आंबा उतरवायची धांदल असताना. गडी दुपारी जेवून बसतात तेव्हा अर्धा तास मिळतो. तेवढा पुरतो.