ब्लूग्रास बँजो: साथ आधी, ब्रेक नंतर

मुंबईत ‘बेंजो’ म्हटलं की गणपतीच्या मिरवणुकीतला, टाइपरायटरसारख्या कळांचा बुलबुलतरंग आठवतो. ब्लूग्रास या अमेरिकी लोकसंगीताच्या शैलीतला बँजो वेगळा: गोल कडं, त्यावर ताणलेली प्लॅस्टिकची पुडी, पाच तारा आणि उजव्या हाताच्या तीन बोटांत नख्या. रागदारीचा किंवा भजनाचा कान घेऊन कुणी या वाद्याकडे वळलं की प्रश्न येतोच. अस्सल पद्धतीनं वाजवायचं, की आपलं काही घालायचं? माझं मत ठाम आहे. साथ आहे तशीच ठेवायची, आणि आपलं जे काही असेल ते ब्रेकमध्ये, म्हणजे एकट्यानं वाजवायची पाळी येते तेव्हा मांडायचं.

ही परंपरा तशी तरुण आहे. बँजोवादक अर्ल स्क्रग्ज १९४५ च्या डिसेंबरात, ब्लूग्रासचा जनक मानल्या जाणाऱ्या बिल मन्रोच्या ‘ब्लू ग्रास बॉइज’ या बँडमध्ये आला आणि १९४८ मध्ये तो आणि गायक-गिटारवादक लेस्टर फ्लॅट दोघंही बाहेर पडले. मधल्या दोन-सव्वादोन वर्षांत जमून आलेला नाद आजही मानदंड आहे. खुद्द मन्रोच्या वादनात मामाचं फिडल (व्हायोलिन) होतं आणि अर्नोल्ड शुल्ट्झ या कृष्णवर्णीय वादकाची ब्लूज गिटारही. १९६३ मध्ये मन्रोनं बिल कीथला बँडमध्ये घेतलं. फिडलच्या चाली सुरामागून सूर बँजोवर उतरवणारा हा वादक तेव्हा अगदी नवं काही वाजवत होता. नवेपणाला दार बंद नव्हतंच, फक्त साथ पक्की लागत होती.

साथीत आपल्याकडचा कान अडतो तो समेपाशी. ब्लूग्रासमध्ये बास (खर्जाचं तंतुवाद्य) पहिल्या आणि तिसऱ्या ठोक्यावर चालतो, तर मँडोलिनचा ‘चॉप’ दुसऱ्या आणि चौथ्यावर पडतो. बँजोनं साथ करतानाही हाच चॉप धरायचा: तारा छेडल्या की डाव्या हाताची बोटं लगेच सैल करायची, पण तारांवरून उचलायची नाहीत. मग सूर न उरता नुसता ‘चक’ ऐकू येतो. बोटं उशिरा सैल झाली की सूर लांबतो आणि गाणाऱ्याच्या शब्दांवर चढतो. गाण्याचा वेग मिनिटाला १२० ठोके असेल तर मेट्रोनोम (टिकटिक करून लय देणारं यंत्र) ६० वर ठेवा आणि त्याची टिकटिक दुसऱ्या-चौथ्या ठोक्यावर धरा. पहिले काही दिवस टिकटिक पुन्हा पुन्हा समेवर सरकेल. ती सरकायची थांबेपर्यंत ब्रेकच्या मागे लागू नये.

आता ब्रेक. बँजोची नेहमीची मिळवणी आपल्या भाषेत सांगायची तर षड्ज पांढरी पाच. पाचवीपासून पहिलीपर्यंत तारा अशा: तार सा, मंद्र प, सा, ग, प. पाचवी तार आखूड असते, पाचव्या पडद्यापासून सुरू होते आणि सतारीच्या चिकारीसारखी मध्ये मध्ये वाजत राहते. उजव्या हाताच्या बोटांचा ठरावीक क्रम म्हणजे ‘रोल’. त्यातल्या ‘फॉरवर्ड रोल’मध्ये आठ आघात: अंगठा-तर्जनी-मध्यमा, अंगठा-तर्जनी-मध्यमा, अंगठा-मध्यमा. तारा अनुक्रमे ३-२-१, ५-२-१, ५-१.

मात्रा आठच, म्हणून हा केरवा वाटतो आणि तिथेच फसगत होते. केरव्याची सवय झालेला हात पाचव्या मात्रेवर जोर देतो. इथे पाचवा आघात तर्जनीचा, हलका. जोर पहिल्या, चौथ्या आणि सातव्या आघातावर येतो, म्हणजे तीन-तीन-दोन. पाचव्यावर जोर दिला की रोल लंगडतो, आणि आठही आघात सारख्या जोरानं वाजवले की चाल नख्यांच्या खडखडाटात हरवते. म्हणून आधी चालीचे सूर नुसत्या अंगठ्यानं वाजवा. ती ओळखू आली की भोवती रोल भरा. एका ब्रेकमध्ये आपली जागा एकच ठेवा, फार तर दोन. चार ठिकाणी चमकायला गेलं की चाल हाती लागत नाही.

आता माझी सगळ्यात आवडती जागा. तिसऱ्या तारेवर दुसऱ्या पडद्यावरून तिसऱ्यावर घसरायचं, म्हणजे रिषभावरून कोमल गंधारावर, आणि लगेच दुसरी तार मोकळी छेडायची, म्हणजे शुद्ध गंधार. स्क्रग्जच्या ढंगाचा सगळा तिखटपणा या दोन गंधारांच्या शेजारात आहे. जोग राग ऐकलेला माणूस इथे हमखास रमतो आणि कोमल गंधारावर रेंगाळतो. तिथेच गडबड होते. स्लाइड पहिल्या आघाताच्या आतच संपली पाहिजे. रेंगाळलात तर दुसऱ्या तारेचा आघात उशिरा पडतो आणि रोल मोडतो.

मींडेचंही तसंच. बँजोचा सूर चटकन विझतो, त्यामुळे लांब मींड अर्ध्यात संपते. ती फिडलकडे किंवा डोब्रोकडे (तारांवर धातूची पट्टी सरकवून वाजवायच्या गिटारकडे) द्यावी. बेला फ्लेक (बँजो), झाकिर हुसेन (तबला), एडगर मेयर (बास) आणि राकेश चौरसिया (बासरी) यांचा २०२३ चा ‘अ‍ॅज वी स्पीक’ हा अल्बम याच कानानं ऐका. तो ब्लूग्रास नव्हे, पण लांब सूर बासरीचा आणि तुटक सूर बँजोचा, ही वाटणी त्यात छान कळते.

मुंबईत या सगळ्याला हवेचीही साथ लागते. पावसाळ्यात तारा लवकर गंजतात, म्हणून वाजवून झालं की सुती कापडानं पुसा. प्लॅस्टिकच्या पुडीला दमटपणाचं फारसं काही होत नाही, पण मानेचं लाकूड हलतं आणि तारा पडद्यांपासून वर येतात. तारा एकेक करून बदला. सगळ्या एकदम काढल्या तर पुडीवर तारांच्या नुसत्या दाबानं उभी असलेली घोडी (तारा पेलणारा लाकडी तुकडा) सरकते. मग बाराव्या पडद्यावर तारेला नुसता स्पर्श करून निघणारा सूर आणि तिथेच दाबून निघणारा सूर ताडून बघा. दाबलेला चढा असेल तर घोडी मानेपासून दूर न्या, उतरा असेल तर जवळ आणा. हे जुळलेलं नसेल तर तिसऱ्या पडद्यावरचा कोमल गंधार कितीही नीट घसरून आलात तरी बेसूरच लागतो.