पदकाच्या कडेवरचा नंबर

घरातल्या शिपायाचा माग काढून द्या म्हणून सातारा जिल्ह्यातल्या एका घरातून त्याच्या पदकाच्या दोन्ही बाजूंचे फोटो माझ्याकडे आले. मला लागते ती कड. पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश वॉर मेडलच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण असते, आणि राखेने घासघासून आधी तेच झिजतं. टॉर्च आडवा धरून पुन्हा फोटो काढायला सांगितला, तेव्हा '११० मराठा' वाचता आलं.

ही पलटण सहाव्या पुणे डिव्हिजनमधली, मेसोपोटेमियातल्या, म्हणजे आजच्या इराकमधल्या, कूत-अल-अमाराच्या वेढ्यात सापडलेली. २९ एप्रिल १९१६ला कूत पडलं आणि सुमारे १३,००० जण तुर्कांच्या कैदेत गेले. १०३वी आणि ११७वी मराठाही त्यातच होत्या. उपासमारीने खंगलेल्या शिपायांना बगदाद, मोसुलमार्गे वाळवंटातून चालवलं, कित्येकांना रास अल-ऐनला रेल्वेच्या कामाला जुंपलं. पलटणच कैदेत म्हटल्यावर तिची रोजची युद्धडायरीही थांबते. कोण कुठे मेला हे लिहिणार कोण?

अशा शोधात आडनावाच्या मागे लागू नये. नोंदीत बहुधा शिपायाचं नाव, बापाचं नाव आणि गाव असतं, तेही कारकुनाने ऐकलं तसं. सखाराम, विठू, रामा प्रत्येक पलटणीत ढिगाने. निकाल नंबरावर लागतो, पण नंबर त्या पलटणीपुरताच, म्हणून दोन्ही जुळायला हवेत. शिवाय १९२२ला ११०वीचं नाव बदलून ३/५ मराठा, म्हणजे पाचव्या मराठाची तिसरी बटालियन, झालं. नव्या नावाने विचारलं की 'नोंद आढळत नाही' असं ठोकळेबाज उत्तर येतं. जुनं नाव बघायची तसदी कोणी घेत नाही, याचा मला मनस्वी राग येतो.

नाव शोधायला लोक खडकीच्या स्मारकात जातात. तिथलं पहिल्या युद्धाचं स्मारक हिंदुस्थानात पुरलेल्यांचं आहे. मेसोपोटेमियात गेलेल्यांसाठी बसरा मेमोरियल. तिथे गोऱ्या सैनिकांची नावं कोरली आणि साध्या हिंदी शिपायांचा पलटणवार नुसता आकडा. त्यांची नावं छापील रजिस्टरात राहिली. हा भेदभाव झाल्याचं या स्मारकांचं काम बघणाऱ्या राष्ट्रकुल युद्धस्मारक आयोगाने (CWGC) २०२१च्या अहवालात कबूल केलं, पण त्याला शंभर वर्षं जावी लागली.

या शिपायाचा नंबर आणि गाव दोन्ही जुळले. मृत्यू कैदेतला. आजाराने गेला असला तरी आयोगाच्या लेखी फरक पडत नाही. ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ या काळात नोकरीत असताना आलेला कोणताही मृत्यू युद्धातलाच धरतात.

अडलंय ते तारखेवर. 'लढाईत गेला' म्हणून घरचे पितृपंधरवड्यात चतुर्दशीला, शस्त्राने मेलेल्यांच्या तिथीला, त्याचं श्राद्ध घालत आलेत. रजिस्टरात तारीख आहे, पण कैदेतल्या मृत्यूंच्या तारखा पुष्कळदा मागाहून कागदावर ठरवलेल्या असतात. एका पलटणीतल्या अनेकांसमोर एकच दिवस दिसला की ते ओळखावं, आणि इथे तसंच दिसतंय. कळवताना मी तारखेपुढे 'अंदाजे' लिहिलं. त्यावर घरच्यांचा फोन आला: त्या दिवशी पंचांगात तिथी कोणती होती तेवढं सांगा, यंदापासून त्याच तिथीला घालू. त्यांना काय सांगावं, अजून ठरत नाही.