तुम्ही विचारलंत म्हणून: ॲसिडिटीची गोळी जास्त झाली तर?

मी फार्मसिस्ट आहे हे कळलं की पाच मिनिटांत हा प्रश्न येतोच, आणि तो बहुतेक दोन तुकड्यांत येतो. आधी "ॲसिडिटीची गोळी रोज घेतली तर चालते ना?" आणि मग जरा आवाज खाली आणून, "आणि चुकून जास्त घेतल्या गेल्या तर?" परवा रात्री एका मैत्रिणीचा फोन, तिचे वडील सकाळी गोळी घेतली हे विसरून संध्याकाळी परत दोन घेऊन बसले होते आणि घरात सगळे घाबरलेले. म्हटलं आता एकदा बसून नीट लिहूनच काढू.

माझा पहिला प्रश्न उलटा असतो: कुठली गोळी? कारण या एकाच नावाखाली तीन अगदी वेगळ्या जातीची औषधं येतात, ती काम वेगळ्या जागी करतात आणि जास्त झाली की त्रासही वेगळ्या जागी देतात. शिवाय जास्त होणं हे पण दोन प्रकारचं असतं, एका दिवसात जास्त आणि वर्षानुवर्षं जास्त. लोक पहिल्याला घाबरतात. मी दुसऱ्याला जास्त घाबरते, का ते पुढे सांगते.

आधी ॲसिड येतं कुठून ते बघू. आपण सरसकट "पित्त झालंय" म्हणतो, पण डॉक्टर ज्याला पित्त म्हणतात तो यकृतातून येणारा हिरवट-पिवळा रस, या जळजळीतलं ॲसिड म्हणजे जठरातलं हायड्रोक्लोरिक ॲसिड. जठराच्या अस्तरात पराएटल नावाच्या पेशी असतात, त्यांना तीन निरोप येतात, हिस्टामिनचा, गॅस्ट्रिनचा आणि नसांकडून येणाऱ्या ॲसिटिलकोलिनचा, आणि निरोप आला की पेशीतले पंप सुरू होतात. पंप एक पोटॅशियम आत ओढतो आणि त्या बदल्यात एक हायड्रोजन बाहेर ढकलतो, बस एवढंच काम, पण ते इतक्या जोरात की पेशीच्या त्या अरुंद नळीत आम्लता रक्तापेक्षा दहा लाखपटीहून जास्त होते. हे ॲसिड काही शत्रू नाही हां, ते जंतू मारतं, प्रथिनं पचवायला लागतं, अन्नातलं बी-१२ सुटं करतं. जठराला स्वतःचं अस्तर आहे म्हणून ते सोसतं, वर अन्ननलिकेला तसं अस्तर नाही म्हणून तिथे आग पडते.

पहिली जात अँटासिड. चघळायच्या गोळ्या, पातळ औषध, खायचा सोडा हे सगळं यात आलं. हे पंपाला हातही लावत नाहीत, तयार झालेलं ॲसिड फक्त मारून टाकतात, त्यामुळे मिनिटांत बरं वाटतं आणि तासा-दोन तासांत परत जळजळ. लोकांना ही सगळ्यात निरुपद्रवी वाटतात आणि माझ्या मते इथेच गफलत होते, कारण एका दिवसात जास्त होण्याचा खरा धोका याच जातीत जास्त आहे. हे क्षार आहेत, ॲसिडबरोबरचं काम झालं तरी त्यातला धातू शरीरात उरतोच. मॅग्नेशियमवाल्याने जुलाब होतात, ॲल्युमिनियमवाल्याने पोट बांधून येतं, म्हणून बऱ्याच बाटल्यांत दोन्ही एकत्र असतात. किडनी चांगली असेल तर जादाचं मॅग्नेशियम लघवीतून निघून जातं, पण किडनी कमकुवत असलेल्या माणसाने बाटली तोंडाला लावली तर ते रक्तात साठतं आणि मग गुंगी, बीपी खाली, स्नायू ढिले, आणि फारच वाढलं तर श्वास आणि हृदय दोन्ही अडचणीत. तशा माणसात ॲल्युमिनियम साठलं तर हाडांवर आणि मेंदूवर जातं.

सोड्याचं तर मी प्रत्येकाला वेगळं सांगते. एका सपाट चमच्यात साधारण सव्वा ग्रॅम सोडियम असतं, आणि जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभरात दोन ग्रॅमच्या आत राहा म्हणते, म्हणजे बीपी किंवा हृदयाचा त्रास असलेल्याने दिवसात दोनदा सोडा घेतला की झालंच. त्याहून जास्त घेतला तर रक्त अल्कलीकडे, म्हणजे ॲसिडच्या उलट बाजूला झुकतं, पोटॅशियम उतरतं, हातपाय आखडतात, ठोके चुकतात. आणि भरल्या पोटावर भरपूर सोडा घेतला की इतका गॅस एकदम सुटतो की जठर फाटल्याच्या केसेस वैद्यकीय नोंदींत आहेत, फार विरळा, पण आहेत.

कॅल्शियमच्या गोळ्यांची गोष्ट जुनी आहे. १९१५ साली बर्ट्रम सिप्पी नावाच्या अमेरिकन डॉक्टरने अल्सरवर दर तासाला दूध-साय आणि सोबत अल्कलीची पावडर अशी पद्धत काढली, आणि काही वर्षांतच, १९२३ साली, तसे उपचार घेणाऱ्यांत मळमळ, डोकेदुखी, गोंधळलेपणा आणि बिघडलेल्या किडन्या दिसल्याची नोंद झाली. त्याला मिल्क-अल्कली सिंड्रोम म्हणतात. तो इतिहासजमा झालाय असं वाटत होतं पण कॅल्शियम कार्बोनेटच्या गोळ्या हाडांसाठी एक आणि जळजळीसाठी चार अशा घेणारे वाढले तसा तो परत दिसायला लागला. बडीशेपेसारख्या गोळ्या चघळत राहू नका असं मी म्हणते ते यासाठी.

दुसरी जात थोडक्यात. जेम्स ब्लॅक या ब्रिटिश औषधशास्त्रज्ञाने हिस्टामिनचा निरोपच अडवायची कल्पना लढवली, त्यातून १९७६ साली सिमेटिडिन बाजारात आलं आणि १९८८ साली त्यांना नोबेल मिळालं. त्याचीच भावंडं रॅनिटिडिन आणि फॅमोटिडिन. रॅनिटिडिनमध्ये एनडीएमए नावाची कॅन्सरचा संशय असलेली अशुद्धी सापडली म्हणून २०२० साली अमेरिकेत ते बाजारातून काढलं. फॅमोटिडिन तासाभरात लागू पडतं, दहा-बारा तास टिकतं, पण रोज घेतलं की एक-दोन आठवड्यांत शरीर सरावतं आणि असर कमी होतो. जास्त झालं तर सहसा निभावतं, मात्र म्हातारं माणूस आणि त्यात किडनी मंद असेल तर अचानक असंबद्ध बोलायला लागतं आणि घरच्यांना वाटतं वयाचं काहीतरी सुरू झालं.

आणि तिसरी, जी आज बहुतेक घरात असते, नावाच्या शेवटी "प्रॅझोल" असलेली. ओमेप्रॅझोल १९८८ सालचं, मग पँटोप्रॅझोल, रॅबेप्रॅझोल वगैरे. हिची कॅप्सूल कधी उघडून तळहातावर ओतून बघा, बारीक पांढरे मणी निघतात, खसखशीपेक्षा थोडे मोठे, बोटाने दाबले तर टणक लागतात. प्रत्येक मण्यावर लेप असतो, कारण हे औषध ॲसिडमध्येच खराब होतं, त्यामुळे त्याला जठरातून झाकून न्यावं लागतं, पुढे आतड्यात लेप विरघळतो, औषध रक्तात जातं आणि रक्तातून फिरून त्याच पराएटल पेशीकडे मागच्या दाराने येतं. आणि तिथे त्या अरुंद नळीतल्या ॲसिडमध्येच ते जागं होतं आणि पंपाला कायमचं चिकटतं. मला हे शिकताना इतकं आवडलं होतं! रक्तातून ते काही तासांतच संपतं पण चिकटलेला पंप गेला तो गेला, पेशीने नवीन पंप बनवेपर्यंत ॲसिड कमीच, म्हणून असर दिवसभराहून जास्त. चालू असलेलाच पंप त्याला सापडतो, म्हणून जेवणाआधी अर्धा-पाऊण तास घ्यायची, आणि लेप मोडतो म्हणून ती चावायची किंवा कुटायची नाही.

यातच त्या वडिलांच्या तीन गोळ्यांचं उत्तर आहे. बंद पंप आणखी किती बंद होणार? ओमेप्रॅझोल २४०० मिलिग्रॅमपर्यंत, म्हणजे नेहमीच्या २० मिलिग्रॅमच्या १२० पट घेतल्याच्या नोंदी आहेत, त्यात गुंगी, गोंधळ, धूसर दिसणं, छातीत धडधड, मळमळ, घाम, तोंडाला कोरड असं झालेलं आहे. त्यावर उतारा असा नाही आणि डायलिसिसनेही ते फारसं निघत नाही, त्रासाप्रमाणे उपचार करतात. तरी मी मैत्रिणीला "काही होत नाही" म्हटलं नाही, आधी स्ट्रिपचा फोटो पाठव म्हटलं, कारण बऱ्याच कॅप्सूलमध्ये सोबत उलटीवरचं डॉम्पेरिडोन असतं आणि ते जास्त झालं तर हृदयाची लय बिघडवू शकतं. काही फसफसणाऱ्या औषधांत तर ॲस्पिरिन असतं, ज्याने अल्सरमधून रक्तस्राव होऊ शकतो. त्यांची साधी पँटोप्रॅझोल निघाली, तरी डॉक्टरांना फोन करून विचारायला लावलं, ते ठीक आहेत. लहान मुलाने खाल्ल्या, खूप घेतल्या, किंवा मुद्दाम घेतल्या असं वाटलं तर उलटी काढायचा प्रयत्न न करता स्ट्रिपसकट सरळ हॉस्पिटल गाठा, किती गेल्या ते रिकामे खण मोजून सांगा. आणि छातीत जळजळ, सोबत घाम, हाताकडे-जबड्याकडे जाणारी कळ असेल तर गोळी शोधत बसू नका, ते हृदयाचं असू शकतं.

आता दुसरं जास्त. माझ्या आईला गुडघ्याच्या पेनकिलरसोबत सहा आठवडे घ्यायला म्हणून ही गोळी दिली होती. पेनकिलर बंद झालं, गोळी सहा वर्षं चालली, कुणी बंद कर म्हटलंच नाही. पाचव्या-सहाव्या वर्षी रात्री तिच्या पोटऱ्यांत गोळे यायला लागले, मग बोटांना मुंग्या, कॅल्शियम कमी निघालं म्हणून कॅल्शियम दिलं, फरक शून्य. एका डॉक्टरांनी मॅग्नेशियम तपासायला सांगितलं तेव्हा ते बरंच खाली निघालं. ही गोळी वर्षाहून जास्त चालली तर मॅग्नेशियम उतरू शकतं असा इशारा अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०११ सालीच दिलाय, आणि मॅग्नेशियम नसलं की कॅल्शियम सावरत नाही. मला हे पाठ होतं. दर महिन्याला तिची स्ट्रिप मीच आणून देत होते आणि माझ्या लक्षात आलं नाही, हे मला अजून सलतं.

म्हणून गोळीच वाईट असं मात्र मी कुणाला सांगत नाही. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू आहेत, अन्ननलिकेला जखमा आहेत, आधी अल्सर फुटलाय, अशांना ती जीव वाचवते, त्यांनी हे वाचून बंद केली तर मला फार वाईट वाटेल. हाडं, किडनी, स्मृती यांच्याबद्दल बातम्या येतात त्यातल्या बऱ्याच नुसत्या निरीक्षणावरच्या आहेत. २०१९ साली सतरा हजारांहून जास्त रुग्णांवर पँटोप्रॅझोलची साधारण तीन वर्षांची नीट चाचणी छापून आली, त्यात पोटातले जंतुसंसर्ग थोडे वाढले, बाकी मोठा फरक दिसला नाही. पण बी-१२ आणि मॅग्नेशियम वर्षातून एकदा तपासून घ्या म्हणा डॉक्टरांना.

बंद करणं सोपं नसतं. पंप अडवल्यावर शरीर गॅस्ट्रिन वाढवत राहतं, गोळी सोडली की तो सगळा जोर एकदम बाहेर येतो. डेन्मार्कमध्ये ज्यांना काहीच त्रास नव्हता अशा धडधाकट लोकांना आठ आठवडे ही गोळी दिली आणि मग बंद केली, तर त्यातल्या ४४ टक्क्यांना जळजळ किंवा अपचन सुरू झालं, नुसती खोटी गोळी घेतलेल्यांत हे १५ टक्के होतं, हा २००९ चा अभ्यास. लोकांना वाटतं बघा, गोळीशिवाय जमतच नाही, आणि परत सुरू.

आईचं तसंच झालं. डॉक्टरांच्या सल्ल्याने मॅग्नेशियम सुरू करून गोळी आधी अर्ध्या डोसची केली, मग दिवसाआड, मग बंद, आणि बंद झाल्यावरचे पहिले दहा दिवस ती रोज रात्री उठून बसायची, उशी उंच करून, "दे गं एकच" म्हणायची. मी शेजारी बसून चमचाभर पातळ अँटासिड द्यायची. तिसऱ्या आठवड्यात एकदा सकाळी म्हणाली, रात्री जागच आली नाही. आता तिच्या ड्रॉवरमध्ये फॅमोटिडिनची एक स्ट्रिप असते, महिन्यातून दोन-तीनदा लागते, आणि पोटऱ्यांचे गोळे गेले ते गेलेच.